दगडावरचा बाण

“काका, हा बाण उलटा आहे,” सुगंधा म्हणाली.

माझ्या हातात पाण्याच्या पंपाची मोटार होती. धुळ्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तेव्हा रब्बीचं पाणी सुरू झालं होतं आणि जो तो जळालेली मोटार घेऊन दारात उभा होता. सुगंधानं टेबलावरची तांब्याची तार बाजूला सारली आणि दगड ठेवला. मधोमध कापलेला, कापलेलं अंग काचेसारखं घासलेलं. बाहेरच्या खडबडीत अंगावर काळ्या मार्करचा बाण आणि बाणाखाली अक्षरं, ल. बि.

लतिका बिरारी. माझी बायको. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

सुगंधा वळवी तिची विद्यार्थिनी, नवापूरकडची. आता लतिकाच्याच कॉलेजात, तिच्याच जागी भूगर्भशास्त्र शिकवत होती. लतिकाचं अर्धं राहिलेलं काम पुरं करून तिच्याच नावानं छापायचं, हे तिनं स्वतःहून अंगावर घेतलं होतं.

“उलटा म्हणजे?” मी विचारलं.

“हे बघा. हा शिंपला. दोन्ही झाकणं मिटलेली आहेत. आतला जीव मेला, पोकळी राहिली, फटीतून चिखल आत गेला. चिखल कुठं बसणार?”

“खाली.”

“आणि वर जागा रिकामी राहणार. त्या रिकाम्या जागेत नंतर हे पांढरे खडे धरले. म्हणजे चिखलाची बाजू खालची, पांढरी बाजू वरची. गवंड्याची पाणसळ असते ना, तसा हा शिंपला सांगतो, समुद्राच्या तळाला वर कुठं आणि खाली कुठं. आता मॅडमचा बाण बघा. बाणाचं टोक म्हणजे वर.”

मी बघितलं. बाणाचं टोक चिखलाकडे होतं.

“एखादा शिंपला असेल तसा.”

“यात मिटलेले जेवढे आहेत तेवढे सगळे असेच आहेत. मी आणखी एक काप काढून बघितला.”

“मग कापताना तुझंच काही चुकलं असेल.”

“कापण्यानं बाण फिरत नाही, काका,” ती हसली. मग माझं तोंड बघून थांबली. “एवढं काही नाही हो त्यात. हा नमुना मी बाजूला ठेवते आणि खाली लिहिते, दिशा शंकास्पद. मॅडमची ती शेवटची फेरी होती ना? त्यांना तेव्हा बरं नसणार. कुणाचंही होतं असं.”

मी मोटार खाली ठेवली. लतिकाचं असं होत नव्हतं. तिचा एक नियम होता. दगड जागेवरून हलवायच्या आधी त्याच्यावर बाण काढायचा. एकदा तो सुटला की वर कुठं आणि खाली कुठं, हे कुणालाच सांगता येत नाही. बाण काढायचा राहिला तर चांगला हातभर लांबीचा शिंपला असला तरी ती तो नाल्यात परत फेकायची. लग्नानंतर मी हौसेनं एक सुरेख दगड उचलून तिला दिला होता, तर म्हणाली, “छान आहे. वजन म्हणून वापरा.” आणि ही बाई बाण उलटा काढणार?

“डिसेंबरात तिला काही झालेलं नव्हतं,” मी म्हणालो.

“बरं.”

“नुसतं बरं नको. डिसेंबरात ती ठणठणीत होती. डोकं ठिकाणावर होतं.”

सुगंधानं दगड आपल्याकडे ओढून घेतला. तिला वाटलं, म्हाताऱ्याला बायकोची चूक सोसत नाही. तसं वाटणं साहजिक होतं. तिला परागचं काही माहीत नव्हतं.

पराग माझा मुलगा, पुण्यात असतो. तो म्हणायचा, आईच्या डोक्यातली गाठ डिसेंबरात होतीच, तेव्हापासूनच तिला कळत नव्हतं. मी म्हणायचो, कळत होतं. याच एका गोष्टीवरून आमच्यातलं बोलणं तुटलं होतं. डिसेंबरात लतिका मला जे बोलली, ते मी पुढं खरं धरून चाललो होतो. ती शहाणी असताना बोलली असेल तर मी बरोबर. आजारात बोलली असेल तर मी काय केलं, याला माझ्याकडे शब्द नव्हता. आणि आता तिच्याच हातचा दगड परागच्या बाजूनं साक्ष द्यायला आला होता.

“तिथं जायचं,” मी म्हणालो.

“कुठं?”

“आंबापाणीला, त्या नाल्यावर. दगड जिथून काढला ते भोक असेल ना अजून. तिथं उभं राहून बघू, वर कुठं ते.”

“काका, परीक्षा चालू आहेत.”

“रविवारी नसतात.”

*

रविवारी उजाडायच्या आत मी ओम्नी तिच्या दारात उभी केली. ती बाहेर येईपर्यंत मी दोनदा टायर बघितले आणि एकदा काच पुसली.

सेंधवा, बडवानी, मग नर्मदेचा पूल. लतिकाला घेऊन हा रस्ता मी वर्षानुवर्षं केला होता. तिच्या कॉलेजची गाडी कधी मिळायची नाही, म्हणून थंडीतल्या सुट्टीत मीच तिचा ड्रायव्हर आणि मीच हमाल. दगडांतलं मला काही कळायचं नाही. ती सांगायची, मी ऐकायचो आणि विसरायचो. एवढं लक्षात होतं की इथं एके काळी समुद्र आत शिरला होता, खंबातच्या बाजूनं, आणि तिथल्या दगडांतली कालवं, म्हणजे ते जाड शिंपले, त्या समुद्रातले. कालवाच्या कवचात दर वर्षाची रेघ असते. थंडीत वाढ मंदावते, रेघ दाट होते. उन्हाळ्यात ती फाकते. त्या रेघा बघून ती सांगायची, पाणी किती कोमट होतं ते. “आपल्या धुळ्याच्या मे महिन्यासारखं नाही हो,” ती म्हणायची, “अंघोळीच्या पाण्यासारखं.”

पुलावर सुगंधा म्हणाली, “काका, हळू चालवा. समुद्र काही आता परत जाणार नाही.”

मी वेग कमी केला. थोड्या वेळानं तो आपोआप वाढला.

“मॅडमचं म्हणणं काय होतं माहिती आहे का?” ती मला बोलतं करायला बघत होती. “सगळे म्हणतात, इथला समुद्र उथळ आणि शांत होता. मॅडम म्हणायच्या, कोमट समुद्र शांत कसा राहील? वादळं येत असणार. पण पुरावा मिळेना. मोडके शिंपले मिळायचे, पण ते काय, लाटांनीही मोडतात.”

“मग त्या दगडात तिला काय दिसलं असेल?”

“तेच कळत नाही. त्या भिंतीत तो एकच तुकडा का घेतला, तेही कळत नाही. आजूबाजूला याहून चांगली कालवं असतात.”

मला आठवलं. त्या दिवशी परत निघताना लतिकानं तो दगड फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. एरवी दगड मागच्या गोणपाटात जायचे. मी म्हणालो, याचे काय एवढे लाड? तर म्हणाली, “यात गंमत आहे. घरी गेल्यावर सांगते.” घरी गेल्यावर पाहुणे होते. मग परागचं काहीतरी निघालं. मग डोकेदुखी वाढली. ती गंमत राहूनच गेली.

हे मी सुगंधाला सांगितलं नाही. आजारी माणूसही म्हणतं, गंमत आहे.

*

आंबापाणीत आम्ही नेहमी नानसिंगच्या अंगणात गाडी लावायचो. त्याची भिली, माझी अहिराणी आणि मधे थोडं हिंदी, असं आमचं चालायचं. सुगंधाला भिली येत होती, पण तिचीही वेगळी, त्यामुळे नानसिंग तिला हसला.

“आज पोरगी आणली? मास्तरीण कुठं आहे?” त्यानं गाडीत वाकून बघितलं. “झोपली का मागं?”

मी दार लावलं. “गेली ती.”

“कुठं?”

“गेली, नानसिंग. मागच्या उन्हाळ्याच्या आदल्या उन्हाळ्यात.”

तो खाटेवर बसला. त्याची बायको झमकू चुलीपाशी होती, तिनं तव्यावरची भाकर तशीच ठेवली आणि बाहेर आली. भाकरीचा करपल्याचा वास आला तेव्हा ती आत धावली.

“दगड चाटायची,” नानसिंग म्हणाला. “पहिल्यांदा आली तेव्हा आम्हाला वाटलं, बाई वेडी आहे, नाहीतर दगडात मीठ आहे. ही झमकू दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन चाटून आली.”

“तूच पाठवलं होतंस मला!” झमकू आतून ओरडली.

“मग? फुकटचं मीठ कोण सोडतं?”

सुगंधा हसली, मग तिनं तोंडावर हात ठेवला. ओल्या दगडात आतली नक्षी दिसते म्हणून लतिका चाटायची. भूगर्भवाले सगळेच चाटतात म्हणे. सुगंधाला मात्र त्याची लाज वाटायची, ती पाण्याची फवाऱ्याची बाटली वापरायची.

“बस, भाकर खाऊन जा,” नानसिंग मला म्हणाला.

“येताना खातो.”

“बस तरी.”

“नाल्यावर जाऊन येतो आधी.”

तो सुगंधाकडे बघून म्हणाला, “हा कधीच बसला नाही. ती दगडापाशी दिवसभर बसायची आणि हा वर-खाली, वर-खाली. तिच्या मागं लागलेलं वासरूच.”

*

नाल्याला थोडं पाणी होतं. पलीकडे खडकाची भिंत, माणसाच्या दीडपट उंच, वहीच्या पानांसारखे थर. पावसाळ्यातल्या पुराचा गाळ तिच्यावर वाळून राखेसारखा बसला होता. भोक मला लगेच सापडलं. खांद्याच्या उंचीवर, आणि समोर तो सपाट धोंडा, ज्याच्यावर लतिका त्या दिवशी बसली होती.

सुगंधानं कापलेल्या दगडाचे दोन्ही अर्धे जोडले आणि भोकात बसवून बघितले. एका बाजूनं बसेनात. फिरवले, तर कुलपात किल्ली बसावी तसे बसले. बाणाचं टोक आभाळाकडे.

“बघ!” मी म्हणालो. “बाण सरळ आहे. तूच उलटा धरत होतीस.”

“काका, बाण आज सरळ दिसतोय. पण आतला शिंपला उलटा आहे ना. म्हणजे एक तर हा सगळा थरच उलटा आहे…”

“असेल की.”

“थांबा, बघते.”

तिनं हातोडीनं भोकाच्या वरच्या थरातून एक खपली काढली, मग बऱ्याच खालच्या थरातून दुसरी. दोन्हींत मिटलेला शिंपला मिळेपर्यंत ती ठोकत राहिली. मी मागं उभा होतो. मग पाण्यापर्यंत गेलो, परत आलो. मग पुन्हा गेलो.

“काका, या इकडे.”

वरच्या थरातला शिंपला: चिखल खाली, पांढरं वर. खालच्या थरातला: तसाच.

“थर सरळ आहेत,” ती म्हणाली. “सगळे. आणि मधला एवढा एकच तुकडा उलटा, असं कसं होईल? मला एकच सुचतं. मॅडमनी दगड आधी काढला, बाण नंतर काढला. आणि भोकात तो दोन्ही बाजूंनी बसत असेल, आपल्याला नीट कळत नाही एवढंच. झिजलंय ते.”

“आत्ताच किल्लीसारखा बसला.”

“बसल्यासारखा वाटला.”

“परत बघ.”

“काका…”

“परत बघ म्हणतो ना! तू तिच्या हाताखाली शिकलीस. ती बाण नंतर काढणारी बाई होती का?”

“नव्हत्या. पण आजारी माणूस…”

“ती आजारी नव्हती!”

माझा आवाज भिंतीवर आपटून परत आला. पलीकडे कुणाच्या तरी बकऱ्या होत्या, त्यांनी माना वर केल्या. सुगंधानं हातोडी खाली ठेवली.

“काय झालंय, काका?” ती म्हणाली. “बाणाचं नाही हे.”

मी त्या सपाट धोंड्याकडे बोट केलं.

“इथं बसली होती ती. मला म्हणाली, बसा हो जरा, सारख्या काय येरझाऱ्या घालता, मला बोलायचंय. मी बसलो. म्हणाली, दिवाळीपासून डोकं दुखतंय, साधं दुखणं नाही हे, ताईचं असंच सुरू झालं होतं. तिची थोरली बहीण. ताईचं डोकं उघडलं होतं डॉक्टरांनी. नंतर ती कित्येक वर्षं पडून होती. स्वतःच्या मुलीला म्हणायची, बाई, तुम्ही कुणाच्या? लतिका म्हणाली, तपासणीत माझंही तसंच निघालं तर माझं डोकं उघडू देऊ नका. मी तुम्हाला ओळखते आहे तोवर मला घरी राहू द्या. मी म्हणालो, काहीही बोलू नकोस. म्हणाली, शब्द द्या, मग मी उठते.”

“दिलात?”

“दिला. मग ती उठली, त्या भिंतीपाशी गेली आणि हा दगड काढला. हाच. बोलणं झाल्यावर लगेच.”

सुगंधानं त्या दगडाकडे वळून बघितलं.

“फेब्रुवारीत नाशिकला गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर आणखी काही वर्षं मिळतील, बोलणं जाईल कदाचित. तोवर ती चमच्याला पेन म्हणायला लागली होती. तिला विचारलं तर नुसती हसायची. परागनं कागद आणले. मी सही केली नाही. तो म्हणाला, बाबा, आईला डिसेंबरातच कळत नव्हतं, तुम्ही आजारी बाईच्या एका वाक्यावर तिला मारताय. मी म्हणालो, तेव्हा ती तुझ्या-माझ्याइतकी शहाणी होती. जूनमध्ये ती गेली. मला ओळखत होती मे महिन्यापर्यंत. पराग दिवाळीला फोन करतो, जेवलात का विचारतो आणि ठेवतो.”

“काका, हे मला आधी सांगायचं.”

“सांगून बाण सरळ झाला असता का?”

“नसता,” ती म्हणाली. “पण मी नीट बघितलं असतं.”

तिनं पिशवीतून तारेचा ब्रश काढला आणि भोकाच्या आजूबाजूचा वाळका गाळ घासायला लागली. “पाणी आणा,” म्हणाली. मी गाडीतला कॅन आणायला पळालो. नानसिंगनं विचारलं काय झालं, मी थांबलो नाही.

कॅननं मी पाणी ओतत होतो, ती घासत होती. राखी रंग निघून खालचा पिवळसर दगड दिसायला लागला. फवाऱ्याची बाटली केव्हाच रिकामी झाली होती. एका ठिकाणी ती थांबली. नखानं काहीतरी खरवडलं. मग इकडेतिकडे बघितलं, जणू कुणी बघतंय का, आणि पुढं होऊन तिनं भिंत चाटली. सरळ, जीभ लावून. लतिका चाटायची तशी.

“काका,” ती म्हणाली, “ही रेघ बघा.”

भोकाच्या भोवती, ओल्या दगडात, तांबूस गंजासारखी एक बारीक रेघ होती. तिच्या बोटामागं बोट नेत मी बघत गेलो. रेघ वरून गेली, कडेला वळली, खालून परत आली. आतला तुकडा बसायच्या पाटाएवढा. रंग थराचाच, म्हणून कोरडा असताना वेगळा दिसत नव्हता. पण तो थरापासून वेगळा होता. त्याच्या कडा मोडलेल्या होत्या.

“हा पाट थरात नंतर येऊन पडलाय,” ती भराभर बोलायला लागली. “आता खालचं अंग बघा. ही भोकं.”

पाटाच्या खालच्या अंगाला करंगळी जाईल एवढी भोकं होती, पांढऱ्या मातीनं भरलेली. सगळ्यांची तोंडं खाली.

“समुद्राच्या तळाशी दगड कडक झाला की एक जातीचे शिंपले त्यात भोकं पाडून राहतात. ते वरून पाडतात. खालून कसे पाडतील, खाली तर जमीन. म्हणजे हे अंग एकदा वर होतं.” ती सरळ झाली, तिच्या बाह्या चिखलानं भरल्या होत्या. “आणि वरच्या अंगाला काय आहे?”

वरच्या अंगाला कालवं चिकटली होती. छोटी छोटी, दाटीवाटीनं, दगड धरून बसलेली. त्यांची तोंडं वर होती.

“ही नंतर बसली. पाट उलटल्यावर.” तिनं माझा दंड धरला. “काका, मॅडमचा बाण बरोबर आहे. शिंपलेही बरोबर आहेत. तळाचा हा तुकडा तेव्हाच उलटला. समुद्र इथं होता तेव्हा. आतला चिखल आधीच घट्ट झाला होता, म्हणून तो हलला नाही. एवढा जाड दगड तळापासून उपटून पालथा टाकायला काय लागेल?”

“काय?”

“वादळ! मोठं वादळ. पालथा पडला, पडून राहिला, त्याच्या पाठीवर नवी कालवं आली, मग त्यावर पुढचा थर. मॅडम एवढी वर्षं हेच शोधत होत्या. एवढ्या भिंतीतून हाच तुकडा उगाच नाही काढला. बाण आज वर आहे तिकडे काढला आणि आतले शिंपले उलटे ठेवले, कापून बघणाऱ्यासाठी.”

मला तोंड फिरवावं लागलं. नाल्यातलं पाणी चाललं होतं. घरी गेल्यावर सांगते, म्हणाली होती.

“गंमत,” मी म्हणालो.

“काय?”

“ती म्हणाली होती, यात गंमत आहे.”

सुगंधा पाण्यापाशी गेली. मग डोळे पुसून तिनं तोंड धुतलं. परत आली तेव्हा आवाज शिक्षिकेचा झाला होता.

“पण एक सांगते, काका. यावरून एवढंच कळतं, की त्या दिवशी बाण बरोबर काढला होता. बाकीचं दगड सांगत नाही.”

“मला तेवढंच पाहिजे होतं,” मी म्हणालो.

नानसिंगच्या अंगणात झमकूनं भाकर आणि लसणाची चटणी दिली. मी उभ्यानंच खाल्ली. नानसिंगनं कपाळावर हात मारला.

*

सुगंधानं ते काम छापलं. पहिलं नाव लतिकाचं. मधल्या पानावर त्या दगडाचा फोटो होता, बाणासकट, ल. बि. सकट. ते इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून परागला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. दोन दिवस उत्तर आलं नाही. मग फोन आला.

“बाबा, हा कधीचा दगड?”

“त्या डिसेंबरचा.”

“कुठल्या दिवशी काढला?”

“माझ्याशी बोलल्यावर. लगेच.”

जेवलात का, असं त्यानं विचारलं नाही.

“मला तिथं यायचंय,” तो म्हणाला.

थंडीत आला. सुगंधा येते म्हणाली होती, पण आदल्या दिवशी तिनं फोन करून सांगितलं की तिला काम निघालंय. काम काही नव्हतं. मी परागला भिंत दाखवली, भोक दाखवलं. मला आठवेल तसं सगळं सांगितलं, रेघ, खालची भोकं, पाठीवरची कालवं. पुष्कळ ठिकाणी चुकलो असेन. त्यानं भोकात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“आई कुठं बसली होती?”

मी धोंडा दाखवला. तो जाऊन त्याच्यावर बसला. मी पाण्यापर्यंत गेलो, परत आलो. भिंतीवरचा थोडा गाळ झटकला. पुन्हा पाण्याकडे निघालो.

“बाबा,” तो मागून म्हणाला. तो धोंड्यावर एका कडेला सरकला होता. “बसा हो जरा.”